उत्साहाचा जमाखर्च

"कसें काय?" या प्रश्नाला पूर्वीं "ठीक आहे" असें उत्तर मिळत असे. हल्लीं त्याच्या जागीं "फार दमलों बुवा" हें उत्तर येऊन बसलें आहे. कोर्टाच्या आवारांत, सरकारी कचेरींत, शाळेंतील शिक्षकांच्या खोलींत, आगगाडीच्या डब्यांत, लग्नाच्या पंगतींत, जेथें जावें तेथें हीच तक्रार कानांवर येते. आणि चमत्कार असा कीं, उन्हांत ऊंस तोडणाऱ्याच्या किंवा डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईच्या तोंडून ती जितकी ऐकूं येते, त्याहून अधिक वेळां ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्या गृहस्थाच्या तोंडून ऐकूं येते. असल्या घरगुती विषयावर दैनिकानें अग्रलेख खर्चीं घालावा काय, असें कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, राष्ट्र म्हणजे नकाशावरील रंग नव्हे. पहिल्याच तासाला पेंगणारा विद्यार्थी, दुपारीं तीन वाजतां समोरचा कागद उद्यांवर ढकलणारा कारकून, आणि रात्रीं सर्वांचीं पानें आटोपल्यावर उरलेंसुरलें खाऊन ओटा पुसणारी गृहिणी, यांच्या रोजच्या शक्तीची बेरीज म्हणजेच राष्ट्राची शक्ति. स्वराज्य येऊन पाऊणशें वर्षें उलटून गेलीं. तें चालविण्याचें काम ज्यांच्याकडे आलें, त्यांच्या अंगांतच त्राण नसेल, तर राज्यघटनेंतील उत्तमोत्तम कलमेंहि कागदावरच राहतील. सबब हा विषय घरगुती म्हणून टाळण्यासारखा नाहीं.

ही चिंता आमच्या प्रांतांत नवी नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. न्यायमूर्ति तेलंग १८९३ त ४३ व्या वर्षीं गेले. आगरकर १८९५ त ३८ व्या वर्षीं, व गोखले १९१५ त ४८ व्या वर्षीं. या प्रत्येकाचें दुखणें निराळें होतें, आणि त्या काळीं आजचीं औषधें नव्हतीं. तेव्हां त्यांच्या अकालमृत्यूचा दोष त्यांच्या दिनचर्येवर लादणें हें अन्यायाचें होईल. आगरकरांचा दमा त्यांनीं कांहीं हौसेनें जडवून घेतला नव्हता. परंतु बुद्धीचा दिवा पेटवावयाचा आणि समईंत तेल आहे कीं नाहीं हें पाहावयाचेंच नाहीं, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची खोड तेव्हांपासूनची आहे, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. उलट पक्षीं लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांत गेल्यावर आपली अशक्त प्रकृति सुधारण्यासाठीं पहिलें वर्ष बव्हंशीं व्यायामांत घालविलें व अभ्यासाचें तेवढें नुकसान खुशाल सोसलें. पुढें १९०८ ते १९१४ पर्यंतचा मंडालेचा कारावास त्यांनीं मधुमेह अंगावर असतांना काढला व तेथेंच 'गीतारहस्य' लिहिलें. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही जाणतों. तथापि त्या एका 'वाया गेलेल्या' वर्षाचा हिशेब कोणत्या रकान्यांत मांडावा, याचा आमच्या आईबापांनीं विचार करावा. त्यापुढच्या पिढीनें तर हा प्रश्न सार्वजनिकच मानिला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार हें आपलें जीवितकार्य केलें. १९१४ सालीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें. १९२४ सालीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं योगाची शास्त्रीय परीक्षा करण्यासाठीं कैवल्यधाम स्थापिलें. शरीर हा देशकार्याचा विषय आहे, ही समजूत तेव्हां होती. आज ती मावळली आहे, आणि तिच्या जागीं बाटलींतून उत्साह विकणाऱ्या जाहिराती आल्या आहेत.

या विषयावर बोलणाऱ्यांचे हल्लीं दोन पंथ झाले आहेत. पहिला पंथ म्हणतो कीं, सारें कांहीं मनावर आहे. मन खंबीर करा, चांगले विचार आणा, थकवा आपोआप पळेल. दुसरा म्हणतो कीं, मन वगैरे सर्व थोतांड आहे. नशीब, हवा, महागाई आणि वय यांपुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. आमच्या मतें या दोघांचाहि दावा निम्माच मंजूर होण्यासारखा आहे. मनाचा आणि शरीराचा संबंध आहे, पण तो मालक आणि गुलामाचा नव्हे. एकाच खातेवहींत नांव असलेल्या दोन भागीदारांचा आहे. एकानें उधळपट्टी केली तर दिवाळें दोघांचेंहि निघतें.

प्रथम मनाचा भाग घेऊं. आमच्या लोकांची सर्वांत मोठी चूक अशी आहे कीं, उत्साह आधीं यावा व काम मागाहून करावें, असा क्रम ते धरून बसतात. "आज मूड नाहीं" हें वाक्य आतां मराठी घराघरांत रूढ झालें आहे. मानसशास्त्राचा अलीकडचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. खिन्नतेनें ग्रासलेल्या रोग्यांच्या उपचारांतहि, मन प्रसन्न होण्याची वाट न पाहतां, लहानसें का होईना पण ठरलेलें काम ठरलेल्या वेळीं करावयास लावणें, ही आतां मान्यता पावलेली पद्धति आहे. काम सुरू झालें म्हणजे मन त्याच्या मागून येतें. चुलीला फुंकर घातली म्हणजे जाळ होतो. आधीं जाळ होऊं दे, मग फुंकर घालूं, असें म्हणणारा उपाशीच निजावयाचा. 'उत्साही मनोवृत्ति' म्हणून जें म्हणतात, तें आरशासमोर उभें राहून स्वतःची स्तुति करणें नव्हे. अंगांत आळस असतांहि पायांत चपला सरकविण्याची संवय, एवढाच तिचा व्यवहारांतला अर्थ आहे.

दुसरी चूक संकल्पाची. दर पाडव्यास आणि दर १ जानेवारीस आमच्या घरोघर संकल्पांचें पीक येतें, आणि महिना उलटण्याच्या आंत तें करपून जातें. असें कां व्हावें? आमच्या वकिली धंद्यांतील एक नियम येथें उपयोगी पडेल. १८७२ च्या करार कायद्याचें २९ वें कलम सांगतें कीं, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाहीं व निश्चित करतांहि येत नाहीं, तो करार रद्दबातल होय. "उद्यांपासून जरा फिरावयास जाईन" हा मनुष्यानें स्वतःशीं केलेला असाच एक मोघम करार आहे. किती वाजतां? कोणत्या रस्त्यानें? पाऊस आला तर काय? खरेदीखतांत चतुःसीमा नसल्या म्हणजे जमीन जशी वादांत सांपडते, तसा हा संकल्पहि पहिल्याच सकाळीं पांघरुणाशीं वादांत सांपडतो व हरतो. गोल्विट्झर नांवाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८९९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १९९९ सालीं हेंच तत्त्व मांडिलें: अमुक वेळ आली, अमुक ठिकाण आलें, कीं मी अमुक करीन, असा वेळेशीं व जागेशीं बांधलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षां कितीतरी अधिक वेळां तडीस जातो. लंडन येथील विद्यापीठांत ९६ जणांवर झालेला, २०१० सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोगहि लक्ष्यांत ठेवण्यासारखा आहे. नवी संवय अंगवळणीं पडण्यास त्यांत मध्यम मानानें ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणाच्या बाबतींत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यांतील सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही कीं, मध्यें एखादा दिवस चुकला म्हणून सगळें मुसळ केरांत जात नाहीं. एकादशी मोडली म्हणून व्रतच सोडणाऱ्या आमच्या वृत्तीला हा चांगला उतारा आहे.

आतां शरीराकडे वळूं. शरीराच्या जमाखर्चांत जमेची पहिली रक्कम झोंपेची. चरकानें शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या जोडीला निद्रा आहे. जुनें म्हणून शिरसावंद्य नव्हे आणि जुनें म्हणून टाकाऊहि नव्हे, हें आमचें नेहमींचें धोरण आहे. परंतु या बाबतींत जुनें आणि नवें शास्त्र यांचा निकाल एकच लागला आहे. २०१७ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक हॉल, रोसबॅश व यंग या तीन अमेरिकन संशोधकांना मिळालें, तें शरीरांतील घड्याळाची यंत्ररचना उलगडून दाखविल्याबद्दल. हें घड्याळ नुसतें मेंदूंत नसून शरीराच्या पेशीपेशींत आहे, व तें रोज उजेडावरून लावलें जातें. सकाळचा लख्ख उजेड डोळ्यांवर पडला म्हणजे तें बरोबर चालतें; मध्यरात्रीपर्यंत हातांतील मोबाईलचा प्रकाश डोळ्यांत शिरला म्हणजे तें मागें पडतें. प्रौढ मनुष्यास रोज निदान सात तास झोंप हवी, असें तज्ज्ञांचें एकमत आहे. आमच्या घरीं काय चालतें? दहा वाजतां दिवा मालवला जातो, आणि मग पांघरुणाखालीं दुसरा दिवा लागतो. एक चित्र पाहिलें कीं दुसरें आपोआप पुढें सरकतें, दुसऱ्यामागून तिसरें. रात्र थोडी आणि सोंगें फार अशी खरोखरच अवस्था होते. सकाळीं हाच गृहस्थ "हवाच दमट आहे" असें म्हणून हवेवर फिर्याद ठोकतो!

आणि मग चहा. या कलमाखालीं आम्हीहि आरोपी आहों, हें कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. अंक छापावयास जाईपर्यंत जागावयाचें, आणि डोळे मिटूं लागले कीं कप मागवावयाचा, असा क्रम आम्हीं कित्येक वर्षें चालविला. दिवसाकाठीं सात-आठ कप सहज होत, आणि त्याला आम्ही कामाची निष्ठा म्हणत असूं. वस्तुस्थिति अशी आहे कीं, जागेपणीं मेंदूंत ॲडिनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व तें झोंपेची ओढ उत्पन्न करतें. चहा-कॉफींतील कॅफिन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसतें, एवढेंच. त्यानें कर्ज फिटत नाहीं. वसुलीस आलेला शिपाई दाराबाहेर ताटकळत उभा राहतो. पोटांत गेलेल्या कॅफिनपैकीं निम्मा भाग सरासरीनें पांच तासांनंतरहि अंगांत शिल्लक असतो. म्हणून संध्याकाळीं सहाचा चहा रात्रीं अकरा वाजतां अर्ध्या कपाच्या रूपानें पुन्हां भेटतो. आम्हीं दुपारीं चारनंतरचा चहा सोडला. पहिला आठवडा डोकें ठणकलें, दुसऱ्या आठवड्यांत झोंप लागली, आणि तिसऱ्यांत सकाळचें लिखाण रात्रीच्या लिखाणापेक्षां बरें होतें असें सहकारी सांगूं लागले. चहा सोडा असें आमचें म्हणणें नाहीं. महाराष्ट्रांत तें कोणी ऐकणारहि नाहीं. चहाला झोंपेच्या जागीं बसवूं नका, इतकेंच म्हणणें आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनीं दुपारीं पंधरा-वीस मिनिटांची वामकुक्षी अवश्य करावी. मात्र ती वीस मिनिटांचीच असावी. दुकानाचें दार लावून चार वाजेपर्यंत लांबणारी नव्हे.

जमेची दुसरी रक्कम हालचालीची. येथें खर्च केल्यानें शिल्लक वाढते, हा शरीराचा उफराटा हिशेब ध्यानांत घेतला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें मान प्रौढांस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल असें आहे. म्हणजे कमींत कमी रोजचीं बावीस मिनिटें भरभर चालणें. एवढ्यासाठीं महिन्याची वर्गणी भरून काचेच्या घरांत यंत्रावर धांवण्याची गरज नाहीं. महात्मा गांधींनीं १९३० सालीं दांडीपर्यंतची सुमारें २४० मैलांची वाट २४ दिवसांत पायीं काटली, तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती; त्यांच्या अनुयायांपैकीं आज किती जण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गाडीवांचून जातात? वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें आहे, आणि आरंभ करणाऱ्यास याहून शहाणा सल्ला नाहीं; पहिल्याच दिवशीं शंभर नमस्कार घालणारा दुसऱ्या दिवशीं एकहि घालीत नाहीं. आमच्या आजोबांची जेवणानंतरची शतपावलीहि हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. जेवणानंतर थोडें चाललें असतां रक्तांतील साखर एकदम चढत नाहीं, असें आतां प्रयोगांनीं दिसून आलें आहे. जड जेवणानंतर येणारी गुंगी कमी करण्याचा हा फुकटचा उपाय आहे.

आहाराविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यावर सल्ला देणारे गल्लोगल्लीं झाले आहेत. सकाळीं चहा-बिस्किटांवर घराबाहेर पडावयाचें, दुपारीं तळलेलें कांहींतरी उभ्याउभ्या खावयाचें, आणि रात्रीं दहा वाजतां दिवसभराची भूक एकदम भागवावयाची, हा क्रम कोणत्याहि प्रकृतीला मानवणारा नाहीं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पालेभाजी, वर लिंबाची फोड, आणि रात्रीचें जेवण दोन तास आधीं. एवढ्यांत पुष्कळ कांहीं साधतें. तहान लागली असतां पाणी प्यावें, हेंहि सांगावें लागतें असे दिवस आले आहेत.

येथपर्यंत वाचून बहुतेक वाचकांनीं मान डोलविली असेल. आतां जें सांगावयाचें आहे, तें ऐकून ती मान तशीच डोलेल कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. वरील उपदेश ज्याच्याजवळ वेळ आहे, ज्याला ताटांत गरम अन्न मिळतें, आणि ज्याची झोंप कोणी मोडीत नाहीं, त्याच्यासाठीं झाला. परंतु घरांत सर्वांत जास्त थकलेलें माणूस कोण, हें कोणीं पाहिलें आहे काय? केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोक आपला वेळ कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. तींत घरकाम करणाऱ्यांचें प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, व पुरुषांत २६.१ टक्के निघालें. आणि जे करतात त्यांतहि स्त्रीचीं रोजचीं २९९ मिनिटें, तर पुरुषाचीं ९७. पुढें २०२४ सालच्या पाहणींत हेच आंकडे २८९ व ८८ असे निघाले. म्हणजे पांच वर्षांत बायकांचें काम दहा मिनिटांनीं हलकें झालें, आणि पुरुषांनीं आपलेंहि नऊ मिनिटांनीं हलकें करून घेतलें!

याच्या शेजारीं दुसरा आंकडा ठेवा. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं देशांत ५७ टक्के, व आमच्या या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या महाराष्ट्रांत ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. त्याआधींच्या पाहणींत महाराष्ट्राचा आंकडा ४८ टक्के होता. म्हणजे आम्ही पुढें जाण्याऐवजीं मागें सरलों. हिमोग्लोबिनचें काम शरीराच्या कानाकोपऱ्यांत प्राणवायु पोंचविण्याचें. तेंच अपुरें असलें म्हणजे जिना चढतांना धाप लागते, डोळ्यांपुढें अंधारी येते, चिडचिड होते, आणि दुपारपर्यंत हातपाय गळून जातात. अशा बाईला "विचार चांगले ठेव, म्हणजे उत्साह वाटेल" असें सांगणें म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणीच नाहीं, त्याला मोट नेटानें ओढण्याचा उपदेश करण्यासारखें आहे. आमच्या घरांत बाई सर्वांच्या आधीं उठते आणि सर्वांच्या नंतर जेवते. पातेल्याच्या तळाशीं जें उरेल तें तिचें पान. त्यावर भूक मारण्यासाठीं पुन्हां चहा. आणि जेवणाच्या मागेंपुढें घेतलेला चहाच अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं, म्हणून जेवणापूर्वीं व नंतर तासभर तो टाळावा, असा सल्ला २०२४ सालीं राष्ट्रीय पोषण संस्थेनें दिला आहे. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनीं तेंच लोह अधिक चांगलें अंगीं लागतें. उपाय किती साधा, आणि तो न होण्याचें कारण किती जुनें!

म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतों कीं, ज्या थकव्याचें कारण रक्तांत आहे, त्यावर व्याख्यान हें औषध नव्हे. महिना-दोन महिने पुरेशी झोंप घेऊनहि ज्याचा थकवा हटत नाहीं, त्यानें, विशेषतः घरांतील स्त्रीनें, रक्ताची तपासणी करून घेतलीच पाहिजे. प्रत्येक पंडुरोग लोहाच्या कमतरतेचाच असतो असेंहि नाहीं. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कंठग्रंथीचा विकार, मधुमेह, घोरण्याबरोबर झोंपेंत श्वास अडकणें, आणि मनाची दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, हीं सर्व थकव्याच्याच वेषांत येतात. कोणतें आहे तें डॉक्टरानें ठरवावयाचें. सासूनें, नवऱ्यानें किंवा संपादकानेंहि नव्हे. पंडुरोगाविरुद्धची देशव्यापी मोहीम २०१८ सालीं सरकारनें सुरू केली, व लोहाच्या गोळ्या त्या मोहिमेचा भाग आहेत. पण गोळी घरांत येऊनहि ती घेणारीला दोन घास वेळेवर मिळत नसतील, तर दोष सरकारच्या पदरांत टाकून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट कामाच्या तासांची. विश्रांति ही कोणीं दान म्हणून दिलेली नाहीं. ती भांडून मिळविलेली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून खटपट केली, आणि १८९० सालीं ती सुटी पदरांत पडली. डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असतांना सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९४६ सालीं कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, व १९४८ च्या कायद्यानें तेच कायम केले. ज्यांनीं हें मिळविलें, त्यांच्या नातवंडांनीं तें एका खिशांतल्या यंत्रापायीं परत करावें काय? रात्रीं साडेदहाला साहेबाचा निरोप येतो आणि रविवारीं सकाळीं बैठक ठरते. कायद्याच्या पुस्तकांत ही कामाची वेळ नाहीं, पण माणसाच्या अंगावर तिचा खर्च पडतोच. २०२३ सालीं एका नामांकित उद्योगपतींनीं तरुणांनीं देशासाठीं आठवड्याला ७० तास काम करावें, असें सुचविलें. त्यांच्या देशभक्तीबद्दल आम्हांस शंका नाहीं; हिशेबाबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानानें, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनीं व हृदयविकारानें मरण्याचा धोका १७ टक्क्यांनीं अधिक दिसून आला. देशासाठीं रक्त सांडण्याचे प्रसंग येतात, हें आम्ही मानतों. पण तें मेंदूच्या शिरांत सांडल्यानें देशाचा कोणता फायदा होतो, हें कोणीं तरी समजावून सांगावें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आमचे वाडवडील याहून अधिक राबत, आणि कधीं दमल्याची भाषा बोलत नसत. त्याला उत्तर असें: आजोबांना नऊ वाजतां निजविणारा अंधार होता, शेताची वाट पायांखालीं होती, आणि आजी दमल्या होत्या कीं नाहीं हें त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. न बोललेला थकवा म्हणजे नसलेला थकवा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जो पहांटे पांचची गाडी पकडतो, दोन्ही वेळां दाराशीं लोंबकळत चार तास प्रवास करतो, त्याला सात तासांची झोंप आणि सकाळचें फिरणें कोठून सुचावें? हा आक्षेप आम्ही खोडून काढीत नाहीं. तो आमच्याच बाजूचा पुरावा आहे. ज्या गोष्टी मनुष्याच्या हातीं आहेत, त्या त्यानें केल्या पाहिजेत. ज्या नाहींत, त्यांसाठीं गाड्या, पदपथ, झाडांची सावली, खेळाचीं मैदानें आणि कामाचे तास यांविषयीं त्यानें नगरपालिकेला, रेल्वेला व कायदेमंडळाला जाब विचारला पाहिजे. स्वतःच्या आळसाचें खापर सरकारवर फोडणें जसें चूक, तसेंच सरकारच्या हयगयीचें खापर रयतेच्या 'मनोवृत्ती'वर फोडणेंहि चूक आहे. पदपथ नसलेल्या शहराला चालण्याचा उपदेश करण्याचा अधिकार नाहीं.

सारांश, आम्ही वाचकांकडे मोठें कांहीं मागत नाहीं. येत्या रविवारीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून एक लहानसा करारनामा करावा, आणि तो मोघम नसावा. रात्रीं दहा वाजतां घरांतले सगळे मोबाईल एका ठरलेल्या फळीवर जातील, घरांतील कर्त्या पुरुषाचा सर्वांत आधीं. सकाळीं उठल्यावर दहा मिनिटें सर्वांनीं उजेडांत काढावीं, मग तो गच्चीवरचा असो कीं चाळीच्या गॅलरींतला. रोज निदान बावीस मिनिटें पायांना काम मिळावें. रात्रीचें जेवण सर्वांनीं एकाच पंगतीला घ्यावें, व वाढणारीचें पान सर्वांच्या बरोबर मांडलें जावें. नंतरचीं भांडीं कोणीं घासावयाचीं तें आठवड्याच्या वारांप्रमाणें लिहून ठेवावें, आणि त्या यादींत मुलग्यांचीं नांवें असावींत. घरांतील प्रत्येक स्त्रीचें हिमोग्लोबिन या महिन्यांत तपासून तो आंकडा, मुलांच्या परीक्षेचे गुण लावतो तसा, भिंतीवर लावावा. एखादे दिवशीं करार मोडला तर दंड नको, भांडण नको. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां सुरू करावा. सहासष्ट दिवस म्हणजे कांहीं जन्म नव्हे.

यांतील चार कलमें आमचे पुरुष वाचक आनंदानें पत्करतील, आणि पंगतीचें व भांड्यांचें कलम हळूच गाळूं पाहतील, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु बाकीच्या कलमांचा जीव त्याच एका कलमांत आहे. घरांतील एकाची झोंप दुसऱ्याच्या जागरणावर आणि एकाचा उत्साह दुसऱ्याच्या उपासावर उभा असेल, तर तो जमाखर्च खोटा आहे, आणि खोटा जमाखर्च कोणत्याहि कोर्टांत टिकत नाहीं. उद्यांच्या सकाळीं आपण ताजेतवाने उठलों, तर स्वयंपाकघरांत दिवा आधींच कोणीं लावला आहे, एवढें वाचकांनीं पाहावें. आणि परवांच्या सकाळीं तो आपण लावावा.